जमिनीचा विसावा



आपल्या इनामगावच्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली, जवाचे दाणे निघाले, पाण्याचा पाट निघाला. पुढे पाऊस कमी झाला, शेती खालावली, आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे जाणकार सांगतात. शेती बदलली, की माणसाचे जगणे बदलते, ते असे!

आता आपली घोड नदी धरून उलटे वर चला. आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगरात तिचा उगम. तिथे महादेव कोळी शेतकरी राहतात. त्यांच्या वाडवडिलांची रीत अशी : उतारावरची झुडपे तोडायची, वाळली की पावसाआधी जाळायची. राख हेच खत. त्यात नाचणी, वरी घ्यायची. थोडी वर्षे पीक घेतले, की ती जागा पड टाकायची आणि दुसरीकडे जायचे. पड जागेत पुन्हा झुडपे वाढत, पाला कुजे, मुळे माती धरून ठेवत. हिला फिरती शेती म्हणतात. रायगडकडे म्हणतात दळी.

तुम्ही म्हणाल, रान जाळणारी शेती वाईटच! पण थांबा. आग एक दिवसाची, विसावा पुष्कळ वर्षांचा. त्या विसाव्यावरच ही शेती उभी होती.

इंग्रज सरकारने १८७८ साली कायदा करून जंगलाच्या हद्दी आखल्या. फिरायला जागा कमी उरली. घरात खाणारी तोंडे मात्र वाढली. मग पड लवकर मोडावी लागली. दमलेल्या बैलाला पुन्हा जुंपावे, तसे झाले. माती सैल झाली, पावसात वाहिली. पीक घटले. अशी वाहिलेली माती खाली धरणात गाळ होऊन बसते. म्हणजे वरचे दुखणे खालच्यालाही भोवते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क मागता येतो. हे चांगलेच झाले. पण कागद एका तुकड्याचा मिळाला, की फिरणे थांबते. मग जमिनीला जपायचे कसे? उताराला आडवे दगडी बांध घालावे. शेणखत द्यावे. नाचणीनंतर कडधान्य घ्यावे. बांधावर झाडे राखावी.

आणि आपण हो? आपण उसामागे ऊस घेतो. डोंगरातल्या माणसाला नावे ठेवण्याआधी आपल्या वावराला विचारू या : बाबा, तुला शेवटचा विसावा कधी मिळाला?