अजिंक्य वीराचा हिशेब

चिपळूणहून उत्तरेस घाट चढूं लागलें म्हणजे लोटे गांवाच्या अलीकडे परशुरामाचें देवस्थान लागतें. खालीं वासिष्ठीचें खोरें पसरलेलें. पलीकडे लोट्याच्या माळावर आतां रासायनिक कारखान्यांची वसाहत. देवळांत मध्यें भार्गवराम, दोन्ही अंगांस काल आणि काम, आणि देवळाच्या मागें रेणुकामातेचें निराळें देऊळ. ज्या मातेचा शिरच्छेद या पुत्राच्या हातून झाला, तिचें देऊळ त्याच्याच पाठीशीं उभें आहे. कोंकणांत मात्र परशुराम म्हटला कीं समुद्र मागें हटविणारा अजिंक्य वीर एवढेंच बहुधा आठवतें.

अजिंक्य वीरांची आवड कांहीं जुन्या माणसांनाच आहे असें नाहीं. हल्लीं सुशिक्षित घरांतून मुलें जपानी चित्रमालिका मोठ्या हौसेनें पाहतात. त्यांतला एक प्रकार युद्धाचा. पांचसहा मजली उंचीचें मनुष्याकृति यंत्र, त्याच्या पोकळींत बसलेला पंधरासोळा वर्षांचा मुलगा, आणि समोर तसल्याच यंत्रांची फौज. वडील माणसें हा पोरखेळ म्हणून सोडून देतात, तें बरोबर नाहीं. या मालिकांवर त्यांचेच जाणते चाहते जो आक्षेप घेतात, तो थेट आपल्या पुराणांपर्यंत पोचतो. युद्धांतली नीति फार गुंतागुंतीची असें दाखवायचें, आणि नायक मात्र असा घडवायचा कीं त्या गुंत्याचा एक धागाही त्याच्या पायांत अडकूं नये, हें कसें?

या प्रकाराला गंभीर वळण दिलें तें 1979 सालच्या ‘मोबाईल सूट गंडम’ या मालिकेनें. तिचा दिग्दर्शक योशियुकी तोमिनो हा 1941 सालचा, म्हणजे महायुद्धाच्या दिवसांतच जन्मलेला. त्याची कथा सुरू होते तेव्हां अर्धी मानवजात मरून गेलेली आहे. नायक आमुरो रे यंत्र चालविण्यांत तरबेज, पण चिडखोर आणि हट्टी. रागाच्या भरांत यंत्र घेऊन आपल्याच पथकांतून पळून जातो. वाळवंटांतल्या एका खाणावळींत त्याला राम्बा राल नांवाचा प्रौढ सेनानी भेटतो. तो शत्रूकडचा. त्याची सहचरी या पोराला जेऊं घालूं पाहते, राल त्याची हिंमत वाखाणतो, आणि संशय आला असतांही त्याला जाऊं देतो. थोड्याच वेळानें दोघे आपापल्या यंत्रांतून एकमेकांवर तुटून पडतात. पत्रे फाटतात, आणि फटींतून ओळखीचा चेहरा दिसतो! पुढें राल मरतो, त्याचा सूड घेण्यास आलेली ती सहचरीही मरते. प्रेक्षक मिळेनात म्हणून ही मालिका 43 भागांतच आटोपती घ्यावी लागली. कीर्ति मिळाली ती मागाहून.

2002 सालीं त्याच परंपरेंतली ‘सीड’ ही मालिका निघाली. तिचा पूर्वार्ध चांगला आहे. किरा आणि आथ्रुन हे बालमित्र विरुद्ध पक्षांत सांपडतात. किराच्या हातून आथ्रुनचा सोबती मरतो, आथ्रुनच्या हातून किराचा. परंतु उत्तरार्धांत किराला असें विलक्षण यंत्र मिळतें कीं एकाच वेळीं अनेक शत्रूंवर नेम धरून तो त्यांच्या यंत्रांचे हात, पाय आणि मुंडकीं तेवढीं उडवितो. आंतला शिपाई सुखरूप. न मारतां युद्ध! हेतु उदात्त खरा. पण भर रणांत थोटें यंत्र घेऊन पडलेल्या त्या शिपायाचें पुढें काय होतें? दुसऱ्या कोणाची तोफ त्याला टिपीत नाहीं काय? कथा तिकडे फारशी पाहत नाहीं. मारावें कीं मरावें हा पेंच नायकाच्या हस्तकौशल्यानें सुटला. म्हणजे वस्तुतः तो टाळला गेला.

आतां महाभारतांतला परशुराम पाहा. सामर्थ्य किराहून रतिभर कमी नाहीं; समोर सहस्र हातांचा कार्तवीर्य, तोही यानें लोळविला. पण व्यासांनीं त्याच्या नांवें पडलेला खर्च कोठेंही झांकलेला नाहीं. पित्याच्या आज्ञेनें मातेचा वध केल्यावर तो वर मागतो : माता जिवंत व्हावी, आणि झालेल्या वधाची तिला आठवण राहूं नये. तिला राहूं नये. त्याला ती राहणारच. मग कार्तवीर्याचे पुत्र जमदग्नीस मारतात, आणि तो सुप्रसिद्ध संहार सुरू होतो.

एकवीस वेळां निःक्षत्रिय केली, हा आंकडा आपण अभिमानानें उच्चारतों. पृथ्वी एकदां निःक्षत्रिय झाल्यावर उरलेले वीस संहार कोणाचे? शांतिपर्वांत याचें उत्तर आहे, आणि तें मोठें बोचक आहे. विश्वामित्राचा नातू परावसु भर सभेंत परशुरामास टोमणा मारतो कीं यज्ञास जमलेले हे प्रतर्दनादि राजे क्षत्रिय नव्हेत काय? तुझी प्रतिज्ञा खोटी! एवढ्यावरून हा पुन्हां शस्त्र उचलतो. संहाराचें कारण आतां पित्याचा वध राहिलें नाहीं. चारचौघांतला पाणउतारा पुरेसा झाला. समंतपंचकांत रक्ताचे पांच डोह भरले, तेव्हां त्याच रक्तानें ज्यांचें तर्पण होत होतें ते ऋचीकादि पितरच प्रकट होऊन ‘पुरे’ म्हणाले.

जिंकलेली सारी पृथ्वी त्यानें कश्यपास दान दिली. उरल्यासुरल्या क्षत्रियांचे प्राण वांचावेत म्हणून कश्यपानें हातांतल्या स्रुचीनें दिशा दाखवून सांगितलें कीं दक्षिणसमुद्राच्या तीरीं जा, माझ्या भूमींत राहूं नकोस. जेत्याला पाय ठेवावयास जागा उरली नाहीं, म्हणून सागरानें त्याला शूर्पारक काढून दिलें. कोंकणच्या लोकांनीं ही कथा देणगीची म्हणून जपली आहे. महाभारतांत ती हद्दपारीची आहे.

इकडे राजे नाहींसे झाल्यामुळें बलिष्ठ दुर्बलांना नाडूं लागले, आणि पृथ्वी रसातळास जाऊं लागली. कश्यपानें तिला मांडीवर सांवरून धरलें, तेव्हां तिनें लपलेल्या राजपुत्रांचीं नांवें सांगितलीं. कोणी ऋक्षवान् पर्वतावर अस्वलांनीं वाढविलेला. प्रतर्दनाचा मुलगा गोठ्यांत वासरांबरोबर वाढलेला. कश्यपानें त्यांना शोधून आणून पुन्हां राज्यांवर बसविलें.