उताराच्या जमिनीला कोणतं यंत्र? घेण्याआधी ग्रामसभेत बोलू

(जव्हार-मोखाड्याकडच्या वनहक्क गावांच्या मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेली मांडणी. ज्यांना येता आलं नाही त्या पाड्यांसाठी इथं छापत आहोत.)



गेल्या काही बैठकांत पाड्यापाड्यातून एकच प्रश्न येतो आहे. पट्टा मिळाला, जमीन नावावर झाली, आता यंत्र घ्यायचं का? बैलजोडी ठेवणं परवडत नाही, चारायला पोर मिळत नाही, पाऊस पडला की भाड्याचा ट्रॅक्टर आधी सपाटीवरच्या मोठ्या शेतकऱ्याकडं जातो. आपली पाळी येईस्तोवर वाफसा निघून जातो. काहींनी फार्महाऊसवरचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर बघितला आहे. मालक तो जुना म्हणून स्वस्तात काढतोय, घेऊ का, असं विचारतात.

प्रश्न खरा आहे. पण दुकानात यंत्र बघायला जाण्याआधी आपण आपली जमीन बघू. आपली जमीन म्हणजे खाली चार खाचरं भाताची आणि वर सगळी वरकस, नागली-वरईची. कुठं मुरूम, कुठं कातळ, मध्येच सागाचं खोड. सपाट शेतावर जे यंत्र वीस वर्षं टिकतं ते इथं दोन पावसाळ्यांत मोडतं. आणि यंत्र मोडलं तर पैसा जातो, पण यंत्र उलटलं तर माणूस जातो. म्हणून पहिलं काम उतार मोजायचं.

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. दहा फुटांचा सरळ बांबू घ्या. त्याचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक खालच्या बाजूला उचलून धरा. बांबूवर अर्धी पाण्यानं भरलेली बाटली आडवी ठेवा. पाणी बाटलीच्या दोन्ही टोकांना सारखं दिसलं की बांबू सपाट झाला. आता खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत किती फूट ते मोजा. एक फूट आलं तर दहाला एक असा उतार. दोन फूट आठ इंच आलं तर तो १५ अंशांचा उतार. हा आकडा लक्षात ठेवा. बसून चालवायच्या गवत-ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बहुतेक कंपन्या हीच शेवटची हद्द सांगतात, काही तर त्याहून कमी सांगतात. तीही कोरड्या आणि एकसारख्या जमिनीवर. ओल्या गवतावर, बिळं-खड्डे-धोंडे असलेल्या जमिनीवर हद्द आणखी खाली येते.

आमचं म्हणणं असं आहे. दहाला एक फुटापर्यंत चाकाचं यंत्र चालवा, सांभाळून. एक ते दोन फुटांच्या मध्ये माणूस वर बसेल असं यंत्र नको, मागं चालत धरायचं हलकं यंत्र किंवा बैल. त्याच्या वर इंजिन नकोच. तिथं हात, कुदळ, विळा आणि झाडं.

आता फार्महाऊसवरच्या गवत-ट्रॅक्टरचं बघू. आपली पोरं तिथं मजुरीला जातात, ती तो चालवतात, त्यांना माहीत आहे. ते यंत्र बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी केलेलं असतं. चार बोटं वाढलेलं गवत, खाली मऊ माती, दर आठवड्याला कापणी. त्याच्या पोटाखाली पातं गरगर फिरतं. आपलं गवत दिवाळीनंतर कमरेएवढं असतं, देठ वाळलेला, खाली दगड. पात्याला दगड लागला की तो गोळीसारखा उडतो. शिवाय गवताचा भुगा होतो. वखारीत भुगा कोण घेणार? आपल्याला देठ लांब हवा, म्हणजे भारा बांधता येतो. त्याला कातरीसारखी पुढं-मागं सरकणारी पट्टी लागते, फिरतं पातं चालत नाही. अशा ट्रॅक्टरांची चाकं बऱ्याचदा पट्ट्यावर आणि हलक्या पेटीवर चालतात. सतत चढ चढला की पेटी तापते, आतलं तेल पातळ होतं, जोर संपतो. तेव्हा स्वस्त मिळतो म्हणून तो आपल्या डोंगरावर आणू नका. सपाटीचं यंत्र सपाटीवरच राहू द्या.

मग छोटा शेतीचा ट्रॅक्टर? खालच्या सपाट पट्ट्यात, जिथं रस्ता पोचतो तिथं, पाच-सहा पाड्यांनी मिळून घेतला तर उपयोगाचा आहे. पण तो उतारावर कसा उलटतो ते आधी समजून घ्या. ट्रॅक्टर दोन तऱ्हेनं उलटतो.

एक, आडव्या बाजूनं. उताराला आडवा चालताना खालचं चाक खड्ड्यात गेलं किंवा वरचं चाक धोंड्यावर चढलं की तोल जातो. चाकं जितकी जवळ आणि वजन जितकं उंच तितकं लवकर. म्हणून चाकांमधलं अंतर वाढवता येतं का ते विचारा, आणि येत असेल तर वाढवूनच चालवा.

दोन, मागं. चढावर औत किंवा ट्रॉली ओढताना फाळ खोडात अडकला, तरी चालवणारा रेस वाढवत राहिला, तर मागची चाकं जागेवर राहतात आणि पुढचं तोंड वर उठतं. माणसाला उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणून ओझं नेहमी खालच्या हुकाला जोडायचं, वर नाही. पुढच्या बाजूला वजनाच्या पाट्या लावायच्या.

सीटच्या मागं लोखंडी कमान असते. ती असलेला ट्रॅक्टरच घ्या, आणि कमान असेल तर पट्टा बांधूनच बसा. कमान झाडाला लागते म्हणून कापून टाकणारे लोक असतात. त्या कमानीनंच उलटल्यावर माणूस वाचतो. मडगार्डवर दुसरा माणूस बसवायचा नाही, मग तो गावचा पाहुणा का असेना.

उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय आहे, ती सोडा. चढताना जो गिअर लागला, उतरतानाही तोच गिअर. दोन्ही ब्रेकची पायपट्टी एकत्र जोडून ठेवा, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते, म्हणून चढावर जेवढं नेता येतं त्याहून कमी भरून उतरा.

आपल्या बहुतेक पाड्यांना जवळचं यंत्र म्हणजे पॉवर टिलर. कोकणात भाताच्या चिखलणीला तो पूर्वीपासून चालतो. दहा-बारा हॉर्सपॉवरचा डिझेल टिलर खाचराला चांगला आहे. पण त्याचं वजन चार-पाचशे किलोपर्यंत जातं. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर नेताना तोच जीव घेतो. रस्ता नसलेल्या पाड्याला पाच-सात हॉर्सपॉवरचं हलकं यंत्र बरं, चौघांनी बांबूला बांधून बांध ओलांडता येतो.

टिलरची एक गोष्ट सगळ्या पोरांना सांगून ठेवा. त्याला दोन मुठींना दोन क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की टिलर डावीकडं वळतो. पण उतारावर खाली येताना डावा दाबला तर डावं चाक मोकळं सुटतं, उतारानं पुढं पळतं आणि टिलर उजवीकडं वळतो, म्हणजे नेमका उलटा. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून आणखी दाबतो आणि यंत्रासकट दरीत जातो. उतरताना मूठ दाबायची नाही, हळू गिअरमध्ये अंगाच्या जोरानं दिशा द्यायची. आणि टिलर मागं घेताना दाते बंद करूनच घ्यायचा. लुगड्याचा पदर, लुंगी, सैल टॉवेल दात्यांपाशी न्यायचा नाही.

आता टिकाऊपणा. आम्ही कुठल्या कंपनीचं नाव घेणार नाही. दुकानात काय विचारायचं ते सांगतो.

इंजिनात ऑईल फिरवायला पंप आहे का? लहान इंजिनांत बऱ्याचदा पंप नसतो, आतला एक चमचा ऑईल उडवतो. यंत्र उतारावर कललं की ऑईल एका कडेला जातं, चमचा कोरडा फिरतो आणि इंजिन जाम होतं. किती कलापर्यंत चालेल ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते दाखवा म्हणा.

ताकद चाकांपर्यंत गिअरनं जाते की पट्ट्यानं? डोंगराला गिअर बरा.

सिलिंडर बिडाचा आहे का? हवेचा फिल्टर उघडून साफ करता येतो का? आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल.

पार्ट कुठं मिळतात? तालुक्याला मिळत असतील तर घ्या. नाशिक नाहीतर ठाण्याला जावं लागत असेल तर विचार करा, कारण नांगरणीच्या दिवसांत चार दिवस यंत्र बसलं म्हणजे हंगाम गेला. दुकानदाराला सांगा, सपाट अंगणात चालवून दाखवू नको, आमच्या उतारावर दाखव. मागं घेत चढ चढला नाही, तर ते यंत्र त्या उताराचं नाही.

आता मातीचं बोलू. आपले आजे उताराला आडवं नांगरायचे. आडव्या तासात पाणी अडतं, माती राहते. यंत्रवाल्याला मात्र उभं चालणं सोपं, कारण आडवं गेलं की उलटायची भीती. पण उभं तास म्हणजे पाण्याला केलेली वाट. पहिल्याच मोठ्या पावसात वरची माती नाल्यात. म्हणून सरळ नियम: ज्या उतारावर यंत्र आडवं चालवायला भीती वाटते, तिथं यंत्रानं नांगरायचंच नाही. आधी दगडी बांध घालून उतार तोडा, मग बघू. आणि यंत्र हाताशी आलं म्हणून पट्ट्याच्या खुणेबाहेर एक तासही जाऊ देऊ नका. कायद्यानं प्रत्यक्ष ताब्यातली जमीन मान्य केली आहे, जास्तीत जास्त ४ हेक्टर. खुणेबाहेरचा एक फाळ उद्या अख्ख्या गावावर दाखवतील.

गवताचं वेगळं बोललं पाहिजे. या जिल्ह्यात गवत म्हणजे नुसता चारा नाही, मजुरी आहे. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडचे वारली गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उठले, तेव्हा ५०० रतल गवत कापायला अडीच रुपये ही मागणी होती. त्यासाठी लोक संपावर गेले, गोळ्या खाल्ल्या. आज गवत कापायचं यंत्र आणलं तर कुणाच्या हातचं काम जाणार? बहुतेक बायांच्या. म्हणून हा निर्णय बायांच्या बैठकीत आधी व्हावा. गावाच्या सामूहिक हक्काच्या रानातलं गवत असेल, त्याचा पैसा गावाच्या हाती राहत असेल आणि बायांना वाटा ठरला असेल, तर खांद्यावरचं कापणी यंत्र घ्यायला हरकत नाही. पण व्यापाऱ्यानं यंत्र आणायचं आणि बायांनी घरी बसायचं, हे आपल्याला नको. न्यायचं कसं याचीही काळजी नको. २००८ च्या नियमांत गौण वनउपज डोक्यावर, सायकलवर, हातगाडीवरच नेता येत होतं. २०१२ च्या दुरुस्तीनं योग्य त्या वाहनानं नेता येतं.

शेवटी पैसा. साधा हिशोब करू. समजा, तीस घरं, प्रत्येकी दीड एकर यंत्र चालण्यासारखी जमीन. झाली ४५ एकर. यंत्रानं दिवसाला एक एकर केला तर ४५ दिवस लागतात. आपल्याकडं नांगरणीचे दिवस पंधरा-वीस. म्हणजे एका यंत्रात निम्मी घरंही बसत नाहीत. तेव्हा यंत्र येणार म्हणून बैल विकायची घाई करू नका. दोन्ही लागणार आहेत.

सरकारी योजनेत आदिवासी शेतकऱ्याला यंत्राच्या किमतीवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, ठरवलेल्या मर्यादेत. वनहक्कधारकांना जमीन सुधारणेच्या आणि उत्पादनाच्या योजना दिल्या पाहिजेत, हे २०१२ च्या नियमांत १६ व्या नियमात लिहिलं आहे. ते दाखवून मागा. उरलेल्या रकमेला कर्ज काढायचं तर यंत्रच तारण द्या. पट्टा तारण देता येत नाही. कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणं हा हक्क वारसांना जातो, पण विकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. म्हणून कुणी सावकार, कुणी दलाल "नुसता कागद माझ्याजवळ ठेव" म्हणाला तर उठून या. मूळ पट्टा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. पट्टा गेला तर लढाई पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा घरी जाऊन एवढं करा. प्रत्येक पाड्यानं बांबू आणि बाटली घेऊन उतार मोजावा आणि कोणत्या तुकड्यावर काय चालेल ते वहीत लिहावं. यंत्र घेतलंच तर ते एकाचं नको, गटाचं असू द्या. चालवणारी दोन पोरं आणि दोन पोरी शिकवा, बाकी कुणी हात लावायचा नाही. किती तास चाललं, किती डिझेल, ऑईल कधी बदललं याची वही ठेवा आणि तासामागं थोडा पैसा दुरुस्तीसाठी बाजूला काढा. पाळी लावताना एकट्या बाईचं शेत आधी, पुढाऱ्याचं शेवटी.

पुढच्या मेळाव्याला येताना वही घेऊन या. ज्या पाड्याची मोजणी झाली असेल त्याच्या यंत्राचं आपण तिथं बसून ठरवू.

जोहार!