बालकांस जग कोठे दाखवावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या बालविभागाने यंदा ‘देशोदेशीची मुले’ हा कार्यक्रम योजिला आहे. बालके जपानी, आफ्रिकी, इराणी वेष करून रंगमंचावर येतील. हौस म्हणून हे योग्यच. परंतु भाड्याचे वेष दुसऱ्या दिवशी परत जातात आणि त्यांजबरोबर ते देशही जातात, असा आम्हां शिक्षकांचा अनुभव आहे.

वस्तुतः जग ह्या छत्रपती संभाजीनगरात पूर्वीच येऊन राहिले आहे. १६१० साली येथे खडकी शहर वसविणारा मलिक अंबर हा आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला, आणि १६२६ साली वारला तोवर मोगलांस दख्खन सुखाने लाभू दिले नाही. त्याची नहर ह्या शहरास पाणी पाजीत असे. आठ वर्षांच्या मुलांस ही हकीकत सांगितली की, एखादे हमखास विचारते, “मग त्याची आई कोठे होती?” उत्तर इतिहासात सापडत नाही, पण परक्याच्या आईची चौकशी करणारे मूल आम्हांस कोणत्याही वेषभूषेहून मोलाचे वाटते.

पाणचक्कीवर बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा आहे. ते बुखाऱ्याकडून आले. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून तेथे जाते फिरविले, व ते पीठ फकिरांच्या भाकरीस लागले. मुलांना दर्ग्यापेक्षा जात्याचेच कौतुक अधिक; असू द्यावे. कर्णपुरा, पदमपुरा ही नावे बिकानेरच्या राजघराण्याकडून आली, हे तेथे नांदणाऱ्या कित्येकांसही ठाऊक नसेल. वेरूळ तर आहेच.

आता थोडे अप्रिय. शिष्यवृत्ती, वसतिगृह ही ज्ञातीपुरती असावीत, यात आम्हांस गैर दिसत नाही. त्यांवर आपली कित्येक मुले शिकली. परंतु शेजारचे मूल दाराशी उभे आणि आपले मूल आत बसून जगाची ओळख करून घेत आहे, हे विसंगत होय. सबब आमची सूचना अशी की, पाणचक्कीच्या सहलीस प्रत्येक बालकाने परज्ञातीचा वा परधर्माचा एक सोबती आणावा. डब्यांत काय चालेल, काय चालणार नाही, ही शंका काही भगिनींनी आधीच काढली आहे. चुरमुरे व केळी मंडळाने द्यावीत. बाकीचे मुले आपसांत ठरवितील. जादा बसचे भाडे आम्ही देऊ. नावे चिटणिसांकडे नोंदवावीत.