गुणवत्ता आणि जीवितरक्षण

माल उत्तम निघावा ही एक चिंता आणि माल काढणारा माणूस धडधाकट घरी परतावा ही दुसरी, अशी वाटणी कारखानदारीत फार दिवस चालत आली आहे. गुणनियंत्रणाची वही वेगळी, सुरक्षिततेची वेगळी. ही वाटणी किती घातक असते, हे भोपाळने जगाला दाखविले.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कीटकनाशकासाठी मिथिल आयसोसायनेट साठविले जाई. ते शुद्ध व थंड राखणे हा मालाच्या प्रतीचा प्रश्न होता, तसाच प्राणांचाही. परंतु 1984 च्या जूनमध्ये शीतकरणयंत्र बंद झाले. त्या विभागातील पाळीची माणसे 12 वरून 6 वर आली. मापकयंत्रे इतकी बेभरवशाची झाली की, 2 डिसेंबरच्या रात्री टाकीतील दाब चढलेला दिसला, तरी प्रथम कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही. सुमारे 40 टन रसायनाच्या टाकीत पाणी शिरले होते. ते कसे शिरले याविषयी वाद आहे. वायू जाळून टाकणारा मनोरा मात्र त्या वेळी नादुरुस्त होता, याविषयी नाही. त्या रात्री आणि पुढे हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

चुकीचा आकडा दाखविणारे मापक माल बिघडविते आणि माणूसही मारते. म्हणून त्याची तपासणी दोन खात्यांत वाटून भागत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने गुणव्यवस्थेची मानके 1987 मध्ये प्रसिद्ध केली, कामगारांच्या आरोग्य व सुरक्षिततेचे मानक 2018 मध्ये. आज दोहोंची तपासणी एकत्र करता येते.

हे केवळ मोठ्या कारखान्यांचे काम नव्हे. अशोका गार्डनजवळच्या गोविंदपुऱ्यात लहान लहान यंत्रशाळा आहेत. तेथे सहाणेच्या चाकाला तडा गेला, तर काम खराब होते आणि चाक फुटून कारागिराचा डोळाही जातो. पाळी सुरू होण्यापूर्वी चाक एकदाच पाहावे, एकाच वहीत नोंदवावे, आणि दोष आढळल्यास यंत्र थांबविण्याचा अधिकार ते चालविणाऱ्यास असावा. त्या अधिकारावाचून वही हा केवळ कागद होय.

यंत्र थांबल्याने होणारी हानी मोजता येते. ते न थांबविल्याची किंमत भोपाळ अजून मोजीत आहे.