सड्यावरचा पंप आणि ओहमचा नियम

श्रोतेहो, एप्रिल महिन्यात देवगडचा सडा कसा तापतो हे मी तुम्हांला सांगायला नको. कातळ फोडून खड्डे करायचे, बाहेरची माती आणून भरायची, मग त्यात हापूसचं कलम लावायचं. पहिली काही वर्षं त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. म्हणून खाली बावीवर पंप आला आणि वर मांगराच्या भिंतीवर त्याची लोखंडी पेटी आली.

या पेटीबद्दल एक तक्रार बागायतदारांकडून नेहमी ऐकू येते. "हात लावला की जराशा झिणझिण्या येतात. पण फ्यूज शाबूत आहे, तेव्हा काळजीचं काही नसावं." आज आपण ही समजूत आकड्यांनी तपासू या.

हिशेब अगदी सोपा आहे. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणलं की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा घ्या. दाब २३० व्होल्ट. ६० ला २३० ने भागलं की प्रवाह आला ०.२६ अँपिअर, आणि त्यावरून रोध सुमारे ८८० ओहम.

आता पेटीकडे वळू. आतल्या फेजच्या तारेचं आवरण झिजून ती लोखंडाला टेकली आहे, असं धरा. प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. आपल्याकडची जमीन म्हणजे जांभा, आणि तोही उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. तिथे अर्थिंगचा रोध २० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडचा ५ ओहम समजा. एकूण २५. २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. फ्यूज आहे १६ अँपिअरचा. तो कशाला वितळेल? फ्यूज शाबूत राहतो तो सारं ठीक आहे म्हणून नव्हे, तर प्रवाह त्याच्या मर्यादेच्या आत आहे म्हणून. आणि पेटीवर दाब किती उरला? ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट!

मग माणूस झिणझिण्यांवर सुटतो कसा? पायांत रबरी चपला, हात कोरडा. मिळून रोध १ लाख ओहम धरला तर अंगातून जेमतेम ०.००२ अँपिअर जातो. परंतु मृगाचा पहिला पाऊस पडला, अनवाणी ओल्या पायांनी कोणी पेटीशी गेला, की हाच रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. आता प्रवाह ०.१८ अँपिअर. ०.०३ अँपिअरच्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो, हे ध्यानात घ्या. पेटी तीच, दाबही तोच; बदलला तो फक्त रोध.

या गळतीची एक खूण मीटरवर दिसते. २३० गुणिले ९.२ म्हणजे २,१०० वॅटच्या वर, तासाला दोन युनिटांहून अधिक वीज नुसती जमिनीत जाते. पंप आणि दिवे बंद असताना मीटर चालू दिसलं, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावं. पेटीला हात लावून खात्री करू नये.

उपाय दोन. अर्थिंगचा खड्डा कातळावर न करता खाली बावीजवळच्या ओलसर मातीत करावा, जाड तार तिथवर न्यावी, कोळसा आणि मीठ घालून उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत जावं. पण रोध २ ओहमवर आणला तरी प्रवाह ३३ अँपिअर होतो, आणि फ्यूज वितळेपर्यंत पेटीवर ६६ व्होल्ट राहतातच. म्हणून दुसरा उपायही हवा : गळती ओळखणारा स्विच. बाजारात त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात; ०.०३ अँपिअरचा मागावा. जाणारा आणि येणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला, की तो क्षणात वीज तोडतो. सड्यावर माझा भरवसा याच्यावर अधिक.

शिक्षकमित्रांसाठी थोडं. हा नियम १८२७ साली ग्रंथातून मांडणारे गेओर्ग ओहम हे जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवीत असत. वर्गात घरच्या विजेशी खेळ मुळीच नको. टॉर्चचे तीन सेल, एक छोटा बल्ब आणि मीटर पुरे. ४.५ व्होल्टला ०.३ अँपिअर आला, तर रोध १५ ओहम आणि शक्ती १.३५ वॅट. मग एकच सेल लावा. मुलं म्हणतील, प्रवाह ०.१ येणार. मीटर त्याहून जास्त दाखवील, कारण तार कमी तापली की तिचा रोधही कमी होतो. ते मुलांना आधी सांगू नका.

आणि त्या स्विचवर चाचणीचं एक लहान बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली नाही, तर स्विच निकामी झाला आहे. तो बदलून घ्या, आणि तोवर पंप लावू नका.