स्वस्त लेथ पारखताना

म्हैस घ्यायला बाजारात गेलेला माणूस नुसते रूप पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, कास चाचपतो, जमल्यास धार काढून बघतो. लाकूड कातायचा लेथ मात्र हल्ली मोबाइलवरचे चित्र पाहून मागवला जातो. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांपासून लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे गज इथपर्यंत कातारी ज्या यंत्रावर पोट भरतो, त्याचा धाकटा भाऊ आता शेळीच्या किमतीत घरपोच येतो. बचत गटाचे कर्ज काढून तो घेणारे आहेत, शाळांनाही तो हवासा वाटतो. तेव्हा चित्रातल्या म्हशीचे दात कसे मोजायचे, ते पाहू या.

पहिली गोष्ट मोटरच्या ताकदीची. जाहिरातीत वॅटचा आकडा मोठा छापलेला असतो. तिकडे न बघता सोबतच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे २४ व्होल्ट, ४ अँपिअर असे असेल तर गुणाकार होतो ९६ वॅट. मग वर ३०० लिहा की ५००, त्या अडॅप्टरच्या भरवशावर ते काही मिळायचे नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ही जेमतेम अष्टमांश झाली. एवढ्यावर मणी, पेन, बुद्धिबळाची प्यादी होतील. बाभळीचे लाटणे लावले की पटाशी टेकताच मोटर बसते.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि इथे गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडावा. विक्रेता सर्वांत जास्त वेग सांगतो. आपण सर्वांत कमी वेग विचारावा. समजा, तो मिनिटाला ७५० फेरे आहे. ५ सेंटिमीटर जाडीच्या लाटण्याचा पृष्ठभाग तेव्हा ताशी ७ किलोमीटरने पळतो, माणसाच्या भरभर चालण्याएवढा. त्याच फेऱ्यांवर २५ सेंटिमीटरचा वाडगा लावला, तर त्याची कड ताशी ३५ किलोमीटरने फिरते. ओबडधोबड, चीर गेलेला ठोकळा त्या वेगाने सुटला तर समोर कातणाऱ्याचे तोंड असते, बरं का! पाचशेच्या बऱ्याच खाली न उतरणाऱ्या यंत्रावर मोठा वाडगा चढवू नये, मग जाहिरातीत '१० इंची' लिहिलेले का असेना. शिवाय ते १० इंच बेडच्या वर मोजलेले असतात. टूलरेस्टचा पाय मध्ये आला की तेवढी जागा उरत नाही.

वजन जरूर विचारावे. ओतीव बिडाचा बेड थरथर गिळतो, वाकवलेल्या पत्र्याचा ती वाढवतो. थरथरत्या यंत्रावर कितीही धारदार पटाशी धरा, लाकडावर लाटा उठतात आणि पोराला वाटते, आपल्याच हाताला वळण नाही.

खोके आले की परतीची मुदत टळण्याआधी तपासावे. टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही टोके एकमेकांना भिडवावीत. ती नाकासमोर नाक यायला हवीत. चुकली तर भोक तिरके पडेल. स्पिंडल हाताने वरखाली हलवून पाहावा. खडखडला तर बेअरिंग सैल. टूलरेस्ट आवळून त्यावर जोर द्यावा, घसरता कामा नये. स्पिंडलचे आटे कोणत्या मापाचे, हेही पाहावे. माप विचित्र असेल तर पुढे चक मिळता मिळत नाही. आणि घरच्या विजेवर चालणाऱ्या लोखंडी यंत्राला दोनच पिना असतील तर त्याला हात लावण्याआधी वायरमनला विचारावे, अर्थिंग कुठे आहे म्हणून.

माल सदोष निघाला तर गप्प बसायचे कारण नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रीच्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फोन करताना बिल आणि खोके उघडतानाचे चित्रण जवळ ठेवावे.