काखेत कळसा

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा अवाढव्य कारखान्याच्या कोठारात असंख्य सुटे भाग असतात. एखादा भाग फिटर एका नावाने ओळखतो आणि नोंदवही दुसऱ्या. एवढ्याने यंत्र खोळंबू शकते. काखेत कळसा असून गावाला वळसा पडतो, तो असा.

त्याच भिलाईच्या नावाने २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील विद्यार्थ्याचे कोठार निराळे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा प्रत्येक भाग स्वतः घडवीत नाही. इतरांनी सिद्ध करून ठेवलेले भाग, म्हणजे पॅकेजेस, तो मागवून घेतो. पायथॉन भाषेचे पायपीआय हे सार्वजनिक कोठार २००३ पासून चालू असून त्यातील पॅकेजेस आज पाच लाखांहून अधिक आहेत. एवढ्या ढिगातून हवे ते काढून देणे हे शोधयंत्राचे काम. आणि ते सुधारावयाचे कसे, हे वापरणाराच शिकवितो.

सायकिट-लर्न या प्रसिद्ध पॅकेजाचे उदाहरण घ्यावे. आज्ञावलीत त्याचा उल्लेख एसकेलर्न असा करावा लागतो. साहजिकच नवखे लोक त्याच नावाने ते मागवीत. त्या नावाचे दार बराच काळ मूळ पॅकेजाकडेच नेत असे. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने बंद करून तेथे योग्य नाव सांगणारी सूचना ठेवण्यात आली. चुकणाऱ्याला अडाणी न ठरविता त्याच्या चुकीलाच अभिप्राय मानले गेले.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने पायपीआयवरील दहा तोतया पॅकेजेस उघडकीस आणली. एकाने तर ‘यूआरएललिब३’ या नावातील तीनचा आकडा तेवढा गाळला होता! जो ते घेई, त्याच्या संगणकाची माहिती परस्पर बाहेर जाई. जेथे नाव चुकते, तेथे चोर दबा धरून बसतो.

मग बहुमतावर विसंबावे काय? पर्ल भाषेच्या मेटासीपॅन या शोधस्थळावर वापरणारे आपली पसंती नोंदवू शकतात. ही सोय उपयुक्त खरी. परंतु केवळ पसंती मोजली, तर जुने वर राहते आणि कालचे उत्तम काम तळाशी जाते. म्हणून कौलाइतकेच मोल तक्रारीला द्यावयास हवे. काय शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले आणि हाती काय आले, या तीन गोष्टी सांगणारी तक्रार शंभर स्तुतींहून उपयोगी ठरते.

वाचकाचा वेळ वाचवा, असा ग्रंथालयशास्त्राचा नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच मांडला. कोठार पुस्तकांचे असो, पोलादाचे असो वा आज्ञावलींचे. शोधणाऱ्याची भाषा ज्या सूचीला कळते, तीच खरी सूची होय.